कचऱ्याच्या ड्रमात पाणी

मागच्या सोमवारी वाकडच्या आमच्या साईटवरून तीन ड्रम गायब झाले. लाल, निळा, हिरवा... कोरे करकरीत, झाकणासकट.

मी तिथे साईट इंजिनिअर. बांधकामाचा कचरा वेगवेगळा ठेवला तर पुन्हा वापरता येतो, हे कामगारांच्या गळी उतरवायचं काम माझ्याकडे आलेलं. शनिवारी त्यावर झकास भाषण ठोकलं होतं. लोखंड लालमध्ये, प्लास्टिक निळ्यात, फरशीचे तुकडे हिरव्यात... सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

शोधत मागच्या लेबर कॅम्पात गेले, तर तिन्ही ड्रम नळापाशी ओळीने उभे. घासूनपुसून लख्ख, काठोकाठ पाण्याने भरलेले!

माझा पारा चढला. पण बायकांच्या टोळीची मुकादम रुक्मिणबाई, नांदेडकडची, तिला माझंच नवल वाटत होतं. "एवढे झाकणाचे ड्रम, मॅडम... अन् त्यात कचरा टाकावा व्हय? नळाला दिसाआड पाणी येतंय."

ड्रम परत न्यायला पुढे झाले आणि माझाच पाय सटकला. नळाभोवती नुसता राडा. रुक्मिणबाई ओरडली, "जपून! माझी सून परवा इथंच पडली. सातवा महिना हाय तिला. नशीब, पोटावर नाई पडली."

सून समोरच होती. कमरेवर हंडा, चिखलात एकेक पाऊल चाचपत टाकत होती. तिला बघून माझं भाषण कुठल्या कुठे गेलं.

म्हटलं, ड्रम राहू देत. कचऱ्याचे ढीग जमिनीवरच वेगळे करा. पार्किंगच्या खडबडीत फरशीचे जेवढे तुकडे निघतील, ते सगळे इथे नळापाशी बसवू. साहेबांची परवानगी मी काढते.

दुसऱ्या दिवसापासून फरशीच्या ढिगात गुटख्याची एक पुडी दिसली नाही. एका मिस्त्रीने सवयीने तिथे विटांचा चुरा ओतला, तर बायकांनी त्याच्याकडूनच तो परत भरून घेतला. बाकीचे ढीगही वेगळे राहायला लागले... रुक्मिणबाईची नजर असल्यावर राहतील नाही तर काय!

रविवारी सगळ्यांनी मिळून फरशी बसवली. रंगांचा एकमेकांशी मेळ नाही, पण पाणी वाहून जायला उतार चोख दिलाय.

काल ती सून भरला हंडा घेऊन त्यावरून गेली. शेजारणीशी गप्पा मारत, खाली न बघता. मी जिन्यातून बघत होते... इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

थँक्यू, रुक्मिणबाई. ड्रम तुमचेच.