पिंपाचं झाकण

पुढच्या महिन्यात आमची चाळ पाडून बांधलेल्या टॉवरमधल्या घराचा ताबा मिळणार, म्हणून टीव्हीखालच्या फळ्या कापून घ्यायला मी लालबागच्या प्लायवूडवाल्याकडे गेलो होतो. माझ्या आधी एक बाई उभ्या होत्या. पिंपाच्या तोंडाचं माप त्यांनी परकराच्या नाडीला गाठ मारून आणलं होतं.

मिस्त्रीने प्लायवर गोल आखून मधोमध खिळा ठोकला, जिगसॉची मशीन पट्टीला बांधली आणि खिळ्याभोवती फिरवायला घेतली. बाईंची नजर पात्यावरून हलेना.

"रेघेच्या बाहेरून काप रे. झाकण आत पडलं तर पाणी फुकट."

कापून झाल्यावर त्यांनी कडेवरून बोट फिरवलं. "इथे टोचतंय. घास."

मिस्त्री हसला. "मावशी, टॉवरमध्ये जाऊन वर्ष झालं ना? तिथे पण पिंप?"

"चाळीत पाणी जायचं ते सगळ्यांचं जायचं," त्या म्हणाल्या. "टॉवरमध्ये फक्त आम्हा जुन्या चाळकऱ्यांच्या विंगचं जातं. बिल्डरने बाहेरच्यांना विकलेल्या विंगला वर स्विमिंग पूल आहे."

झाकण उन्हासाठी डोक्यावर धरून त्या आपल्या टॉवरच्या मागच्या गेटकडे चालू लागल्या. आमच्या टॉवरमध्येही आम्हा चाळकऱ्यांसाठी मागचंच गेट ठेवलंय.

मिस्त्रीने माझी फळी ओढली.

"ती राहू दे," मी म्हटलं. "आधी तसंच एक झाकण काप."