पडदा जुनं बोलते

संगणकावर नवी प्रणाली चढली, पडद्यावर नदीची पातळी दिसू लागली, सगळ्यांसाठी चहा आला, की दिगंबरभाऊ तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा कोंबून सायकल काढत. वैनगंगेच्या काठावर रंगवलेली मोजपट्टी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आल्याशिवाय ते कपाला हात लावत नसत.

जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन थोडीच वर्षं झाली होती. करडी गावाच्या अंगाला पुराची सूचना देणारं आमचं छोटं कार्यालय होतं, आणि मी त्याची प्रमुख. केसांना मेंदी, गळ्यात ओळखपत्र, आणि नवं ते सगळं चांगलं हा ठाम समज. ती बाई आज भेटली तर मीच तिला चिमटा काढीन.

नदीतल्या मापकाची भाषा संगणकाच्या गाभ्याला, म्हणजे कर्नेलला, येत नसे. म्हणून आमचे संगणक सांभाळणाऱ्या भाऊंनी मध्ये दुभाष्यासारखं एक मॉड्यूल लिहून बसवलं होतं. पण दर नव्या प्रणालीबरोबर कर्नेलची बोलण्याची रीत बदले आणि आमचं बाहेरचं मॉड्यूल अडे. मग भाऊ जुनी-नवी रीत शेजारी मांडून ओळ न् ओळ सांधत बसत. घराणं मोहाडीच्या विणकरांचं. "नवा ताणा जुन्याच्या टोकाले धाग्याधाग्यानं बांधा लागते," ते म्हणत. "एक गाठ चुकली तर लुगडं फाटत नाही. नक्षी चुकते. अन् ते हातभर विणल्यावर दिसते."

"काहून हो, स्वतःच्याच गाठीवर भरवसा नाही?" मी डिवचायची.

"पडदा खोटं नाही बोलत, म्याडम. जुनं बोलते."

ऐन श्रावणात वरून फर्मान आलं, नवी प्रणाली आत्ताच चढवा. भाऊंनी चढवली. मॉड्यूल बिनतक्रार बसलं, पातळी धोक्याच्या बरीच खाली दिसली. पाऊस थांबला होता, पण नदीचा आवाज जाड झाला होता. खालच्या मासेमारांच्या वस्तीला 'काळजी नको' असं कळवायला मी फोन उचलला.

"थांबा. पाहून येतो."

"चहा निवेल."

"निवू द्या."

ते सायकलीशिवाय परतले, कमरेपर्यंत चिखलात. "पट्टी दिसत नाही, म्याडम. पट्टीच बुडाली."

पडद्यावर तोच शांत आकडा होता. मी खाली ठेवलेला फोन त्यांनीच उचलून वस्तीला निघायला सांगितलं. वस्ती शाळेत हलली, आणि दिवस मावळायच्या आत खालच्या झोपड्यांत नदी शिरली. माणसं वाचली.

चूक त्यांनीच शोधली. नवं माप आलं की कर्नेल मॉड्यूलला हाक देई. ती हाक द्यायची रीत बदलली होती. मॉड्यूल हाकेची वाट पाहत शेवटचं मापच दाखवत बसलं होतं. कोणी शाबासकी दिली की भाऊ पुटपुटत, "गाठ माझीच होती."

गेल्या पोळ्याला ते गेले. आता प्रणाली आपोआप बदलते, म्हणे. मोजपट्टीचा रंग उडालाय, पाहायला कोणी जात नाही.

आज सकाळपासून नातवाच्या फोनवर 'पातळी स्थिर' असं येतंय. दुपारीही तोच आकडा. बाहेर तो जाड आवाज. मी काठी घेतली.

"आजी, कुठं जाऊन राहिल्या?" नातसून म्हणाली. "चहा ठेवला ना."

"निवू दे," मी म्हटलं.