हुरी आणि उरी

श्रीधर गेल्याचा फोन आला तेव्हा मी साहेबांच्या खोलीत उभा होतो. सकाळी अंघोळ करून खुर्चीत बसला आणि बसल्याजागी गेला, असं त्याचा मेहुणा पलीकडून सांगत होता. बाहेर आलो तर सगळी प्रयोगशाळा काम टाकून जमलेली, कुणी चष्मा काढून डोळे पुसत होतं. माझ्या मनात मात्र पहिला विचार आला तो असा, की हा माझ्या आधी अम्माकडे पोचला... अम्मा म्हणजे माझी आई, तिला जाऊन बरीच वर्षं झाली होती. स्वर्गबिर्ग मी मानत नाही. तरी हेवा वाटलाच. श्रीधर माझा सगळ्यांत जवळचा मित्र होता आणि मी आयुष्यभर त्याच्यावर जळत आलो. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही त्याला ठाऊक होतं.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत तो पुण्याहून बंगळूरला आला. आमचं काम एकच, खाणींतून आलेल्या दगडांची परीक्षा करण्याचं. त्याला खोली मिळेना, म्हणून चामराजपेटेतल्या आमच्या घरी मीच त्याला घेऊन आलो. आमचं घराणं इथं इतक्या पिढ्यांपासून आहे, की आमच्या मराठीत निम्मी कानडी. आईला आम्ही सगळी भावंडं अम्माच म्हणायचो, गल्लीतली पोरं म्हणतात तसं. श्रीधरनं पहिल्याच सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून हाक मारली, "आई, आत येऊ का?" अम्मा चुलीपुढून वळली. तिला त्या नावानं कुणी कधी हाक मारली नव्हती. "ये की," म्हणाली, आणि तिचा चेहरा असा काही उजळला की मी बुटाची नाडी बांधायची थांबलो. मग बांधली आणि कामाला गेलो.

दर रविवारी अम्मा डावा कान कढईकडे झुकवून, डोळे मिटून तडतड ऐकत कॉफीच्या हिरव्या बिया घरीच भाजायची. त्याला ती 'हुरणं' म्हणे, कानडीतल्या 'हुरी'वरून. श्रीधरला तो शब्द फार आवडला, पण त्याच्या पुणेरी तोंडात काही तो बसेना. एका रविवारी त्यानं मोठ्या प्रेमानं विचारलं, "आई, तुमची उरी झाली का सुरू?" अम्मा पदर तोंडाला लावून हसत सुटली. उरी म्हणजे जळजळ, आग. "होट्टे उरी म्हणजे काय ठाऊक आहे? पोटातली आग. दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही ना, ती," तिनं त्याला समजावलं. मग माझ्याकडे बोट केलं. "ह्याला बघ. ह्याला आहे ती." दोघंही हसले. मीही हसलो, कारण न हसणं बरं दिसलं नसतं.

त्या रविवारपासून स्वयंपाकघरात त्यांच्या गप्पा सुरू झाल्या. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत असे, म्हणजे पेपर धरून ऐकत असे. सोन्याच्या दगडात गंधक असतो, तो सोन्याला दडवून ठेवतो, म्हणून दगड आधी भाजावा लागतो, असं श्रीधर सांगायचा. गंधक धूर होऊन उडून जातो, लोखंड हवेतला प्राणवायू घेतं आणि विटेसारखं लाल होतं, सगळ्या भुकटीला बारीक भोकं पडतात, मग सोनं विरघळवणारं पाणी आत शिरू शकतं. आच जास्त झाली तर भुकटी वितळून पुन्हा बंद होते, सोनं आतच राहतं. "मग सोनं बदलत नाही?" अम्मानं विचारलं. "नाही आई, ते तसंच. त्याच्याभोवतीचं बदलतं." "आणि ही बी?" "ही स्वतःच बदलते. आधी पाणी जातं. मग आतली साखर आणि सत्त्व तापून एकमेकांत मिसळतात, त्यातून हा रंग येतो, हा वास येतो. हिरव्या बीमध्ये हा वास शोधून सापडायचा नाही." अम्मा हलवता हलवता म्हणाली, "बाई, इतकी वर्षं करते आणि कळलं आज."

हे सगळं मला येत होतं. तीच पदवी, तीच पुस्तकं. पण अम्माला सांगावं असं मला कधी सुचलं नाही, आणि तिनंही मला कधी विचारलं नाही. मग एकदा मी ईर्ष्येनं भाजलेल्या दगडाची लाल भुकटी कागदाच्या पुडीत बांधून घरी नेली. तिच्यापुढे उघडली, सुरुवात केली, "अम्मा, हे बघ, ह्यातला गंधक..." "सरी, सरी, बरं," ती म्हणाली, "श्रीधरानं आणली होती की मागं. तू कॉफी घे, निवते." मी कॉफी घेतली. कॉफी नेहमीप्रमाणे उत्कृष्ट होती.

शेवटच्या आजारात अम्मा मधल्या खोलीत पडून असे. श्रीधर तेव्हा यशवंतपूरला स्वतंत्र बिऱ्हाड करून राहत होता, पण रविवारी सकाळी दोन बस बदलून यायचा आणि बिया भाजायचा. ती अंथरुणातून वासावर सांगायची, "आच कमी कर... स्वल्प थांब... हं, आता." मी औषधं आणत होतो, डॉक्टरांना बोलावत होतो, रात्री जागत होतो. मुलानं करायचं ते सगळं केलं. पण तिचा आवाज ज्या दिशेला जायचा, तिथं मी नव्हतो.

अम्मा गेल्यावर श्रीधरचं लग्न झालं. नलिनीवहिनींनी अम्माला कधी पाहिलंच नाही. परवा, श्रीधरचे दिवस उरकल्यानंतर, मी त्यांच्याकडे गेलो. रविवार होता. वहिनी चुलीपुढे बसून बिया भाजत होत्या. "कुणी प्यायला नाही, तरी हात राहत नाही," म्हणाल्या. मी दारातच उभा राहिलो. बियांवर रंग चढायला लागला तसा त्यांनी झारा थांबवला, डावा कान कढईकडे झुकवला, डोळे मिटले आणि तडतड ऐकली. मग रंग पुरता येण्याआधीच कढई खाली घेतली आणि हलवत राहिल्या, कारण आतली आच चुलीवरून उतरल्यावरही काम करत असते. तो झुकलेला कान, ते मिटलेले डोळे... माझ्या बायकोनं तसं कधी केलं नाही, माझ्या बहिणींना ते जमत नाही. माझी आई त्या परक्या घरात चुलीपुढे बसली होती आणि मी पाहुणा होतो.

"तुमच्याकडे आता कोण भाजतं, भावजी?" वहिनींनी विचारलं.

"आम्ही विकतची पूड आणतो."

त्यांनी वर्तमानपत्राच्या पुड्यात चार मुठी बिया बांधल्या आणि माझ्यापुढे धरल्या. "घेऊन जा थोड्या. आमच्या आईंच्या पद्धतीच्या आहेत."