पेचकसाला लावलेला कान

हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात एक फिटर आहेत. लांब पेचकसाचं टोक चालत्या मशीनवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "याचं बेअरिंग जाऊन राहिलं." त्यांनी असं म्हटलं की आम्ही मुकाट्यानं मशीन बंद करतो. ते ऐकत असताना शेजारी उभं राहून खोकायचीही मला भीती वाटते.

यंदा साहेबांना बदलाचं वारं लागलं. भिंतीवर 'बदल स्वीकारा'चे फलक चढले, मशीनांवर सेन्सर बसले आणि ते वाचणाऱ्या कॉम्प्युटरला काचेच्या खोलीत ठेवून हार घातला गेला.

"कोणतं मशीन बिघडणार, ते आता हाच सांगेल," साहेब म्हणाले. आम्ही टाळ्या वाजवल्या.

फिटर पुढे झाले. हार बाजूला सारून त्यांनी कॉम्प्युटरला पेचकस टेकवला, डोळे मिटले.

"साहेब, याचा पंखा जाऊन राहिला."

सगळे हसले. लाजेकाजेस्तव मीही हसलो. चौथ्या दिवशी कॉम्प्युटर बंद पडला.

साहेब डगमगले नाहीत. त्या कॉम्प्युटरवर लक्ष ठेवायला त्यांनी दुसरा कॉम्प्युटर मागवलाय. काल चहा पिताना फिटरांनी मला अगदी मनापासून विचारलं, "अन् त्या दुसऱ्याले कोन आयकन गा?"