पेठवालीला दिलेला नंबर

ये गं, अशी पुढे ये. तिकडे दाराशी पाहुण्यासारखी काय बसलीस? आणि मघाशी स्वयंपाकघरात आईला काय विचारत होतीस? "मावशीवर म्हणे दवाखान्यात प्रयोग केले, उंदरांवर करतात तसे?" ऐकलं मी. कान अजून शाबूत आहेत माझे. उंदीर म्हणे! अगं, उंदराला कुणी खुर्ची देऊन, चहा देऊन विचारतं का, बाई तुमची मर्जी आहे का म्हणून? एवढी शिकलीस, आणि बोलतेस काय! बस, सांगते.

तू तेव्हा रांगत असशील. मोबाईल अजून आले नव्हते. तुझे काका ओझरच्या कारखान्यात, आणि मी घरी ब्लाउज शिवायची, साड्यांना फॉल लावायची. मला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. त्या काळी हा शब्द कुणी मोठ्यानं उच्चारायचं नाही. शेजारपाजारी मी "पोटाचं दुखणं आहे" एवढंच सांगितलेलं.

नाशिकच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होती, माझ्यापेक्षा वयानं लहानच. ती म्हणाली, "मावशी, या दुखण्याला मशीनची लाइट, म्हणजे किरणं, द्यायची ही जुनी रीत आहे, आणि ती चांगली आहे. पण लाइटबरोबर दर आठवड्याला औषधाचं सलाईन दिलं तर जास्त गुण येतो का, ते बघायचंय. काहींना नुसती लाइट, काहींना दोन्ही. कुणाला काय ते मी ठरवणार नाही, कॉम्प्युटर ठरवेल. नको असेल तर नाही म्हणा, उपचार तुम्हाला मिळणारच."

"पण तुम्हाला काय वाटतं? कशानं जास्त गुण येईल?" काकांनी विचारलं.

"मला माहीत नाही. म्हणून तर बघायचं."

आता बघ, डॉक्टरच्या तोंडून 'मला माहीत नाही' मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. काका बिचकले. माझा मात्र तिथंच तिच्यावर विश्वास बसला. दारात आलेल्या गिऱ्हाइकाला मीसुद्धा उद्या नक्की ब्लाउज देते म्हणून थापा मारायची, त्यामुळे मला खरं बोलणारं माणूस लगेच ओळखू येतं.

सही करून मी बाहेर बाकावर बसले. आतल्या खोलीत एकेकीला बोलावून, जाऊ त्या क्रमानं, कॉम्प्युटरचा कौल सांगत होते. माझ्यामागे एक बाई होती, पेठच्याही पुढच्या पाड्यावरची. काळीसावळी, काटक, कपाळावर गोंदलेलं. सारखी दाराकडे बघत होती. मग माझ्या खांद्याला हात लावून म्हणाली, "बाय, माजी गाडी चुकंल गं. घरी जाऊन लेकरांची सोय लावून यायची हाय." उद्यापासून ती पंचवटीत भावाकडे राहून उपचार घेणार होती. मी म्हटलं, जा बाई, तू जा आधी, मला काय, माझं ओझर जवळच आहे.

ती माझ्या नंबरावर आत गेली. तिला लाइट आणि सलाईन दोन्ही निघालं. तिच्यामागून मी गेले, मला नुसती लाइट.

काकांचा चेहरा पडला. "आपल्याला कमी आलं," म्हणाले. मला तर हायसं वाटलं होतं. एवढ्या सुया कोण टोचून घेणार!

मग सुरू झाल्या आमच्या सकाळी. दवाखान्यात खरी नावं कुणी लक्षात ठेवत नाही. ती झाली पेठवाली, मी झाले ओझरवाली. पोटावर जांभळ्या शाईच्या रेघा, त्या पुसायच्या नाहीत. आणि लाइटच्या आधी पोटभर पाणी प्यायचं आणि लघवी धरून बसायचं. मूत्राशय भरलेलं असलं की आतडी वर सरकतात, त्यांना लाइट कमी लागते, असं सिस्टर सांगायची. आता डोळ्यांसमोर आण, बाकावर ओळीनं बसलेल्या बायका, सगळ्या मांड्या आवळून, कुणी हलायचं नाही, कुणी हसायचं नाही. आणि पेठवाली गंभीर तोंडानं म्हणायची, "आज मशीन बंद पडली ना, तर रामकुंडाला पूर येतो बघा." झालं! दोघीतिघी पळायच्याच. मग पुन्हा पाणी, पुन्हा थांबा. सिस्टर तिच्यावर डाफरायची, आणि तोंड फिरवून स्वतःच हसायची.

सलाईनच्या दिवशी मात्र तिचे हाल व्हायचे. उलट्या काढून काढून डोळे खोल जायचे. मी वासाला लिंबू कापून न्यायची, आणि डब्यात तांदळाची पेज. ती दोन घोट घ्यायची, बाटलीकडे बघायची, मग माझ्याकडे. एकदा सिस्टरला म्हणाली, "निम्मी हिला लावा की."

"अहो, हा काय उसाचा रस आहे, दोन ग्लासांत करायला?" सिस्टर म्हणाली. सगळा वॉर्ड हसला. पेठवाली हसली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मला वाटलं, मळमळतंय.

उपचार संपले. नंतर ठरावीक महिन्यांनी दोघींनी तपासणीला यायचं होतं. या अभ्यासात तेच तर महत्त्वाचं, औषध देऊन मोकळं व्हायचं नाही, माणसाला पुढची कित्येक वर्षं बघत राहायचं. पहिल्या खेपा आम्ही एकाच बाकावर बसलो. ती नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ आणायची, मी तिच्या लेकीला परकर शिवून न्यायची. मग माझ्या लघवीतून रक्त जायला लागलं आणि मला ॲडमिट केलं. दुखणं उलटलं नव्हतं, लाइटनं मूत्राशय आतून नाजूक झालं होतं, औषधानं थांबलं ते. पण त्याच आठवड्यात पेठवाली तपासणीला आली होती, आणि बाकावर कुणीतरी तिला सांगितलं, ओझरवालीला परत ॲडमिट केलंय, रक्त जातंय.

त्यानंतर ती यायची बंद झाली.

एक खेप गेली, दुसरी गेली. भावाकडून निरोप आला, "बरी हाय." डॉक्टरीणबाई म्हणाली, "बरी असेल तर आनंदच आहे. पण हे दुखणं आतून परत येतं तेव्हा आधी कळत नाही, तपासूनच कळतं. उशीर झाला तर माझ्या हातात फार काही उरत नाही." पाड्याचं नाव तिनं मला कधीच सांगितलं होतं. काकांना म्हटलं, रविवारी डबा घ्या, आपण एसटीनं जातोय.

घाट चढून, फाट्यावर उतरून चालत गेलो. ती अंगणात भात वाळवत होती. मला बघून हातातलं सूप तसंच राहिलं.

"तू हायेस?"

"मग कोण? माझं भूत असतं तर फुकट आलं असतं. तिकीट काढून आलेय मी."

ती धावत येऊन माझे हात, दंड, गाल चाचपायला लागली. आणि मग अशी रडली म्हणतेस! "तुजा नंबर मी घेतला गं. ती बाटली तुजी व्हती. तुजा वाटा खाल्ला मी, आन् तुला रगत..."

मी तिथंच भाताशेजारी बसले. एवढे दिवस ही बाई हे घेऊन जगत होती! मी तिला सगळं सांगितलं, रक्त कशाचं होतं, कसं थांबलं. आणि म्हटलं, नंबर मी दिला होता, तू घेतला नव्हतास. पण तपासायला का येत नाहीस, शहाणे?

"तिथं बाकावर तू नसतीस तर?" ती म्हणाली. "म्या कुणाला ईचारलं असतं?"

काका खोकायला लागले आणि उगाच गोठ्याकडे बघायला गेले.

रात्री आम्ही तिच्याकडेच राहिलो, आणि दुसऱ्या दिवशी ती आमच्याबरोबरच नाशिकला आली. डॉक्टरीणबाईनं तपासलं तेव्हा मी पडद्याबाहेर देवाचं नाव घेत उभी होते, एरवी कधी देव न आठवणारी मी. पडदा सरकवून बाई म्हणाली, "काही नाही. स्वच्छ आहे." पेठवालीनं तिथल्या तिथं विचारलं, "आन् हिचं?" माझीही तपासणी करायला लावलीच तिनं.

पुढं काही वर्षांनी डॉक्टरीणबाईनं सांगितलं, ठिकठिकाणी असे अभ्यास झाले, आता या दुखण्याला लाइटबरोबर सलाईन सर्रास देतात. पेठवाली खट्टू झाली, "म्हंजी हिला कमीच दिलं." बाई म्हणाली, "हिच्यासारख्या नुसत्या लाइटवाल्या नसत्या, तर तुमच्या सलाईनचा उपयोग कळला कसा असता? दोघींकडून शिकलो आम्ही." मला ते ऐकून फार बरं वाटलं बघ. ब्लाउज तर कितीजणींना शिवून दिले, पण न बघितलेल्या बायकांच्या उपयोगी पडावं असं माझ्या हातून दुसरं काय झालं असतं?

आता तपासणी वर्षातून एकदा. आदल्या रात्री ती माझ्याकडेच उतरते, गुडघे दुखतात म्हणून कुरकुरते, आणि हसवणं काही सोडत नाही. भात झोडून झाला की येतेय. तेव्हा तू ये, तिला बघ, आणि उंदीर म्हणायचं तर तिच्या तोंडावर म्हण! पण ती येईपर्यंत वाट बघत बसू नकोस हं. लवकर ये गं, या रविवारीच ये.