गाळलेली स्लाइड

कोविडमुळे शाळा दुसऱ्यांदा बंद झाल्या तो हिवाळा. नेदरलँड्समध्ये, फेल्डहोवनमधल्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला माझं ऑफिस चालायचं, दुसऱ्या टोकाला दहा वर्षांच्या लेकीची शाळा. मी मराठीत बोलायचे, ती डचमध्ये उत्तर द्यायची.

तिला वर्गासमोर दहा मिनिटं बोलायचं होतं, अर्थात लॅपटॉपवरून. विषय तिचाच: तीनशे वर्षांपूर्वी दक्षिणेकडचा अज्ञात खंड शोधायला पॅसिफिकमध्ये गेलेला एक डच कप्तान. खंड काही त्याला मिळाला नाही. ईस्टरच्या रविवारी एक बेट मात्र दिसलं.

"आई, ही स्लाइड वाच ना."

तिथला एक माणूस आनंदाने जहाजावर आला होता, आरशात स्वतःला पाहून दचकला होता. मग खलाशी किनाऱ्यावर उतरले. बघायला गर्दी जमली आणि मागच्या कुणा खलाशाने हुकूम नसताना बंदूक झाडली, मग बाकीच्यांनीही. दहा-बारा माणसं मेली. आरशात बघणाराही त्यात होता म्हणे.

"हे काढून टाक," मी म्हणाले.

"का? खरं आहे ते."

"खरं आहे गं. पण तुझ्या टीचरना काय वाटेल? आपण बाहेरून आलेली माणसं. नकाशा दाखव, वादळांचं सांग, पुरे."

आमचं रेसिडन्स परमिट तेव्हा नूतनीकरणासाठी गेलेलं होतं. एका पोरीच्या भाषणाशी त्याचा काडीचाही संबंध नाही, हे मला कळत होतं. तरी तिने स्लाइड डिलीट करेपर्यंत मी तिच्या खुर्चीमागून हलले नाही.

भाषण छान झालं. शेवटी एका मुलीने विचारलं, "बेटावरच्या लोकांनी काय केलं?"

लेकीने स्क्रीनवरून नजर उचलून माझ्याकडे पाहिलं. कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी उभी राहून मी मान हलवली. नको.

"त्यांनी खलाशांना कोंबड्या आणि केळी दिली," ती म्हणाली.

तेही खरंच होतं. फक्त गोळीबारानंतर दिली होती.

पुढच्या आठवड्यात टीचरशी ऑनलाइन भेट होती. त्या म्हणाल्या, "तुमच्या मुलीने एक स्लाइड मला नंतर पाठवली. आईला वाटलं तुम्हाला वाईट वाटेल, असं लिहिलंय."

माझे कान तापले.

"वाईट वाटतंच," त्या शांतपणे म्हणाल्या. "म्हणूनच मुलांना सांगायला हवं. सोमवारी तिलाच सांगू दे."

त्या रात्री जेवताना मी लेकीला म्हटलं, "माझं चुकलं. मी उगाच घाबरले."

"ठीक आहे," ती म्हणाली आणि वरण वाढून घेतलं.

परमिट यथावकाश आलं. शाळेसाठी लिहिलेलं ती आता आपणहून दाखवत नाही. मागितलं तर देते. मी वाचत असते तेव्हा ती कागदाकडे नाही, माझ्या चेहऱ्याकडे बघत असते.