लाल गिटारीला काळी दांडी

"भाऊजी, ह्या दोन्हीतून एक करून द्या," म्हणत विलासने दुकानाच्या फळीवर दोन इलेक्ट्रिक गिटारी ठेवल्या. लाल गिटारीची नेक मोडली होती, काळीचं अंग चिरलं होतं. किरनापूरच्या कार्यक्रमाहून येताना दोन्ही बसच्या टपावरून पडल्या होत्या.

नेक म्हणजे गिटारीची दांडी. आणि विलास म्हणजे माझा साळा. बालाघाटात माझं पेटी-सतारी दुरुस्तीचं दुकान. गिटार मी तोवर फक्त पुसून ठेवली होती. पण बायकोच्या भावाला "मले जमत नाही" म्हणायची सोय नसते.

"कधी पाहिजे?"

"आजच. संध्याकाळी कटंगीले प्रोग्राम आहे. तुमसरहून पोरीचे वडील येऊन राह्यले. म्हणते, पोरगा वाजवते म्हणता ना, पहिले आयकू, मंग पोरगी द्याची का नाही ते पाहू."

मागच्या घरातून बायको ओरडली, "हौ म्हणा जी!"

हौ म्हटलं. काळीची दांडी सोडवली, लालच्या खाचेत बसवली. जरा सैल बसत होती. सागवानाची पातळ पाचर घातली, स्क्रू आवळले, तारा चढवल्या आणि एकेक तार पेटीच्या सुराशी जुळवली. सगळ्या बरोबर लागल्या.

"ओके!" म्हणून मी चहा मागवला.

पेटीवाल्याची खोड ही अशी. पेटीत प्रत्येक सुराची पट्टी वेगळी असते. ती लागली की काम संपलं. गिटारीचंही तसंच असेल, असं मी परस्पर ठरवून टाकलं.

विलासने मोकळ्या तारा छेडल्या. झकास. मग त्याची बोटं दांडीवर पुढे सरकली आणि सूर उतरत गेले.

"आवं, बकरी कोणाची दाबून राह्यले?" आतून आवाज.

"तुझाच भाऊ वाजवते!" मी म्हटलं. मग विलासकडे वळलो, "तुझी बोटं चुकून राह्यली."

"बोटं कालचीच आहेत, भाऊजी. दांडी आजची आहे."

आता मी दोरा घेतला. तारेच्या बरोबर मध्यावर बोट दाबलं की तोच सूर वरच्या सप्तकात वाजतो. सतारीमुळे एवढं मला माहीत होतं. गिटारीत तो मध्य बाराव्या फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या बाराव्या आडव्या पट्टीवर यायला हवा. दोरा लावला तर मध्य पुढेच निघाला. काळी गिटार मुळात आखूड, त्यामुळे तिच्या पट्ट्या जवळजवळ. लालची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती खालची पट्टी, काळ्या दांडीसाठी अर्धं बोट लांब पडत होती.

"घोडी दांडीकडे सरकवा लागते. नवी भोकं पाडतो."

विलासने गिटार छातीशी धरली. "भाऊजी, पॉलिश पाहा ना कसं आहे!"

बायको बाहेर आली. "भोक बुजवता येते रे. मोडलेली सोयरीक कोण बुजवन?" आणि तिने गिरमिट माझ्या हातात दिलं. आमच्या घरात निर्णय असेच होतात.

कटंगीला नेमका मी पोरीच्या वडिलांच्या शेजारी बसलो. विलासची बोटं वर सरकली की माझा श्वास अडकायचा. सूर मात्र जागेवर येत होते. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर काही नाही. कार्यक्रम संपल्यावर तो उठून थेट विलासपाशी गेला.

"अंग लाल, दांडी काळी. हे काय जी?"

विलास म्हणाला, "दोन मोडल्या होत्या. भाऊजीनं एक केली."

"भाऊजी घरचेच का?"

"हौ."

म्हाताऱ्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मंग देतो पोरगी. आमच्या घरी मोडलेलं लय पडलं आहे."

लग्न झालं. तेव्हापासून तुमसरहून कोणी आलं की हातात एक पिशवी असते. कधी पंखा, कधी रेडिओ, एकदा तर शिलाई मशीनचं मुंडकं.

तेव्हा धंद्यात असाल तर लक्षात ठेवा. दांडी बदलली की घोडीची जागा आधी मोजावी. आणि सोयऱ्यांसमोर दुरुस्ती कोणी केली ते सांगू नये.